माणूस घरी गेला, तरी डिस्कची वाटणी झाली!

दोनशे नवे सर्व्हर रॅकमध्ये बसलेत आणि सगळ्यांवर लिनक्स टाकायचंय. प्रत्येकापुढे कीबोर्ड घेऊन बसायचं म्हटलं तर आठवडा तिथंच गेला. म्हणून युनिक्सच्या जगात उत्तरपत्रिकेची सोय आहे. भाषा कोणती, वेळ कुठली, पासवर्ड काय, डिस्कचे तुकडे कसे पाडायचे, असं जे जे इन्स्टॉलर विचारणार, त्याची उत्तरं एका साध्या फाइलमध्ये आधीच लिहून ठेवायची. मशीन नेटवर्कवरून बूट होतं, फाइल वाचतं आणि कामाला लागतं. माणूस तोवर घरी जेवत असला तरी चालतं.

सनच्या सोलारिसमध्ये या सोयीचं नाव जंपस्टार्ट. रेड हॅटकडे किकस्टार्ट, डेबियनकडे प्रीसीड, सुसेकडे ऑटोयास्ट, एचपीच्या युनिक्सवर इग्नाइट-यूएक्स, एसजीआयच्या आयरिक्सवर रोबोइन्स्ट. नावं वाचूनच हुरूप येतो!

या फाइलमधली बहुतेक उत्तरं चुकली तरी नंतर दुरुस्त होतात. टाइमझोन चुकला? एका कमांडचं काम. कीबोर्ड चुकला? तेही सोपं. डिस्कच्या चार ओळी मात्र चुकल्या की जुना डेटा उडाला, आणि तो परत येत नाही. शिवाय याच चार ओळींत संगणकाचा साठ वर्षांचा इतिहास दडलाय. चला, उकरून काढू.

हो, हो आणि पुन्हा एकदा हो

डेबियनचा इन्स्टॉलर डिस्कला हात लावण्याआधी फार सावध असतो. नवं लेबल लिहू का? वाटणी पक्की धरू का? बदल डिस्कवर उतरवू का? एलव्हीएम (तुकड्यांचे आकार नंतरही बदलता येणारी मांडणी) वापरणार असाल तर त्याचे 'हो' आणखी वेगळे. प्रीसीडमध्ये या प्रत्येक प्रश्नाची स्वतंत्र ओळ लागते. एक जरी राहिली, तरी इन्स्टॉलर तो प्रश्न पडद्यावर मांडतो आणि उत्तराची वाट बघत थांबतो. रात्रभर. रिकाम्या डेटा सेंटरमध्ये. ज्यानं कुणी हे प्रश्न वेगवेगळे ठेवले, त्यानं लाखमोलाचं काम केलंय असं माझं ठाम मत आहे.

रेड हॅटची रीत तडकाफडकी. 'झिरोएमबीआर' म्हटलं की डिस्कवरचं न ओळखता येणारं पार्टिशन टेबल नव्यानं मांडायला परवानगी. 'क्लिअरपार्ट'ला 'ऑल' जोडलं की सगळी पार्टिशनं साफ. सगळी म्हणजे खरंच सगळी! सर्व्हरला फायबरनं जोडलेली सामायिक स्टोरेजची डिस्क दिसत असेल तर तीसुद्धा. म्हणून अनुभवी मंडळी आधी 'इग्नोरडिस्क'ची ओळ लिहितात आणि तिच्यात ठणकावून सांगतात: फक्त हीच डिस्क वापर, बाकीच्यांकडे बघू नकोस.

एसडीए म्हणजे नक्की कोण?

लिनक्समध्ये डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं मिळतात, ती कर्नलला त्या ज्या क्रमानं सापडतात त्या क्रमानं. आज एसडीए असलेली डिस्क उद्या तीच राहील याची हमी नाही. पेनड्राइव्हवरून बूट केलंत, तर पेनड्राइव्हच एसडीए होऊन बसू शकतो आणि तुमची 'एसडीए साफ कर' ही आज्ञा भलत्यालाच लागू पडते.

सोलारिसनं नावातच पत्ता दिला होता. सी० टी० डी० एस१ म्हणजे कंट्रोलर शून्य, टार्गेट शून्य, डिस्क शून्य, स्लाइस एक. केबल कुठं खोचलीय ते नाव वाचूनच कळतं. लिनक्समध्ये आता डिस्कच्या सीरियल नंबरवरून बनणारी कायमची नावंही मिळतात. किकस्टार्टमध्ये तर इन्स्टॉल सुरू होण्याआधी छोटी स्क्रिप्ट चालवता येते. ती डिस्का मोजते, आकार बघते आणि मग वाटणीच्या ओळी तिथल्या तिथं लिहिते.

कोलोन विद्यापीठातल्या थॉमस लांगे यांनी १९९९ साली सुरू केलेला एफएआय हा प्रकल्प याबाबतीत मला सगळ्यात आवडतो. त्यात थेट 'डिस्क१' असं लिहिता येतं, मग तिचं खरं नाव काहीही असो. एखादं पार्टिशन नेहमी जपून ठेव, असंही बजावता येतं. यंत्रणा पुन्हा टाकली तरी त्याला धक्का लागत नाही.

स्वॅप आला कुठून?

रोज न लागणारं सामान आपण माळ्यावर टाकतो. रॅममध्ये जागा कमी पडली की कर्नलही सध्या न लागणारी पानं, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, डिस्कवर हलवतो, तो स्वॅप. ही कल्पना युनिक्सपेक्षा जुनी आहे. मँचेस्टरमध्ये १९६२ साली सुरू झालेल्या ॲटलस संगणकात मुख्य मेमरी होती १६ हजार शब्दांची आणि फिरत्या ड्रमवर होते ९६ हजार. प्रोग्रामरला दोन्ही मिळून एकच सलग मेमरी दिसायची. कोणतं पान ड्रमवर पाठवायचं, हे यंत्र स्वतःच आधीच्या वापरावरून ठरवायचं. १९६२ साली!

सुरुवातीच्या युनिक्समध्ये पानं नव्हती. अख्खा प्रोग्रामच उचलून डिस्कवर ठेवायचे आणि वेळ आली की परत आणायचे. पानापानानं हलवाहलव बीएसडी युनिक्समध्ये आली ती १९७९ च्या अखेरीस, व्हॅक्स संगणकावर. ते काम बर्कलीच्या ओझाल्प बाबाओग्लू आणि बिल जॉय यांचं.

युनिक्सच्या सोर्स कोडमधली सगळ्यात गाजलेली टिप्पणीही स्वॅपचीच आहे. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत, एका प्रोसेसवरून दुसरीवर जाणाऱ्या कोडशेजारी, हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही, अशा अर्थाचं वाक्य लिहिलंय. टी-शर्टवर छापलं जाणारं हे वाक्य अनेकांना ठाऊक असतं. ते नेमकं कशाबद्दल आहे? तर स्वॅपमध्ये गेलेली प्रोसेस परत आल्यावर तिचा स्टॅक कुठून धरायचा, याबद्दल.

आणि लिनक्स कोलमडल्यावर पडद्यावर जो मजकूर उमटतो, त्यात अनेकदा 'स्वॅपर' हे नाव दिसतं. ती शून्य क्रमांकाची प्रोसेस. आज तिचा स्वॅपशी काही संबंध नाही. सीपीयूला काम नसताना ती चालते. जुन्या युनिक्समध्ये हीच प्रोसेस अदलाबदल करायची. काम गेलं, नाव राहिलं.

दुप्पट, दुप्पट, दुप्पट!

स्वॅप किती ठेवू, असं कुणालाही विचारा. रॅमच्या दुप्पट, हे उत्तर ठरलेलं. हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय.

जुन्या बीएसडीत आणि सनओएस ४ मध्ये प्रोसेसनं मेमरी मागितली की तिच्यासाठी स्वॅपमध्येही जागा राखून ठेवली जायची, ती वापरली जावो वा न जावो. त्यामुळे स्वॅप रॅमपेक्षा कमी असेल तर विकत घेतलेली रॅम पुरती वापरताच यायची नाही. रॅमइतका स्वॅप ही किमान गरज. जास्त प्रोग्राम चालवायचे तर त्याहून जास्त.

पुढे सनओएस ४ च्या जागी आलेल्या सोलारिसनं ही रीत बदलली, बाकीचेही बदलले. मग २००१ च्या जानेवारीत लिनक्स २.४ आलं आणि नियमाला नवी पालवी फुटली. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत स्वॅपमधलं पान रॅममध्ये परत आलं तरी स्वॅपमधली त्याची जागा मोकळी होत नसे. एकाच पानासाठी दोन्हीकडे जागा अडलेली! रॅमइतकाच स्वॅप ठेवला तर पदरात जवळजवळ काहीच पडायचं नाही. म्हणून दुप्पट. त्याच वर्षी मेमरीचा तो भाग बदलला गेला. सल्ला मात्र अजून फिरतोय.

रेड हॅटचं आजचं कोष्टक बघा. रॅम २ जीबीपर्यंत असेल तर दुप्पट. २ ते ८ जीबी असेल तर रॅमइतका. त्यापुढे किमान ४ जीबी, बाकी काम बघून ठरवा. लॅपटॉप हायबरनेट (म्हणजे मेमरी डिस्कवर उतरवून बंद) करायचा असेल तर आकडे चढतात: २ जीबीपर्यंत तिप्पट, ८ पर्यंत दुप्पट, ६४ पर्यंत दीडपट. ६४ च्या वर हायबरनेशनची शिफारसच नाही. किकस्टार्टमध्ये आकडा लिहिण्याऐवजी 'रेकमेंडेड' म्हटलं की इन्स्टॉलर रॅम मोजून आकार स्वतः ठरवतो.

१२८ एमबीची अदृश्य भिंत

लिनक्सच्या जुन्या स्वॅपला एक मर्यादा होती: साधारण १२८ एमबी. त्याहून मोठं पार्टिशन केलं तरी उरलेली जागा वाया. हा आकडा कसा आला ते कळल्यावर मला फार आनंद झाला होता. स्वॅपच्या पहिल्या पानात, म्हणजे ४०९६ बाइटमध्ये, कोणती जागा वापरण्याजोगी आहे याचा नकाशा असायचा. एका पानासाठी एक बिट. शेवटचे १० बाइट ओळखीच्या शिक्क्याला. उरले ४०८६ बाइट, म्हणजे ३२,६८८ बिट, म्हणजे तितकीच पानं. प्रत्येक पान ४ केबीचं. करा गुणाकार: १२८ एमबीला जरासं कमी! रॅम वाढली तशी मंडळी १२८-१२८ एमबीची अनेक स्वॅप पार्टिशनं ओळीनं मांडायची. २.२ कर्नलच्या सुमारास नवा शिक्का आला आणि भिंत पडली. नव्या शिक्क्यालाही १० बाइटच लागतात, आणि आजही तो पहिल्या पानाच्या शेवटीच बसतो.

८२ नंबरचे दोन मालक

जुन्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलात प्रत्येक तुकड्याला प्रकाराचा क्रमांक असतो. लिनक्स स्वॅपचा क्रमांक ८२. पीसीवरच्या सोलारिसचाही ८२! एकाच डिस्कवर दोघं नांदत असतील तर लिनक्सच्या इन्स्टॉलरला अख्खं सोलारिस हा आयता मिळालेला स्वॅप वाटण्याचा धोका होता. पुढे सोलारिसनं वेगळा क्रमांक घेतला. नव्या जीपीटी टेबलात तर प्रत्येक प्रकाराला १२८ बिटांची लांबलचक ओळख मिळाली आणि असली भांडणंच मिटली.

अक्षरं बोलतात, आकडेही

बीएसडीत डिस्कच्या तुकड्यांना अक्षरं असतात. ए म्हणजे रूट, बी म्हणजे स्वॅप, सी म्हणजे अख्खी डिस्क. ओपनबीएसडीत आजही तसंच. सोलारिसनं हीच रीत आकड्यांत नेली: शून्य रूट, एक स्वॅप, दोन अख्खी डिस्क. आयबीएमच्या एआयएक्सची बात निराळी. तिथं एचडी४ रूट, एचडी५ बूट, एचडी६ पेजिंग, एचडी२ यूएसआर, एचडी१ होम, एचडी३ टेम्प. आणि व्हार? त्याचं नाव एचडी९व्हार.

सोलारिसची आणखी एक गंमत. तिथली टेम्प डिरेक्टरी स्वॅपच्याच जागेत राहते. जंपस्टार्टच्या फाइलमध्ये स्वॅपला काटकसर केली की टेम्पही आखडते. उलट कुणी टेम्पमध्ये मोठी फाइल ओतली की मेमरी कमी पडू लागते. आपल्याच फाइलमुळे प्रोग्राम अडतोय, हे नवख्या माणसाच्या ध्यानातही येत नाही.

तीन आकड्यांची जादू

डेबियनच्या प्रीसीडमधली वाटणीची कृती पहिल्यांदा बघणारा हमखास गोंधळतो. प्रत्येक तुकड्यासाठी तीन आकडे: किमान, प्राधान्य, कमाल. आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एकटं टिंब. पहिला आणि तिसरा आकडा समजतो. मधला काय करतो?

समजा रूटसाठी लिहिलं ५०००, ८०००, २००००. होमसाठी १०००, १००००, आणि कमाल बेलगाम. डिस्क ३० हजार एमबीची. आधी दोघांना किमान जागा मिळाली: ५ हजार आणि १ हजार. उरले २४ हजार. आता प्रत्येकाच्या प्राधान्यातून किमान वजा करा. रूटचे ३ हजार, होमचे ९ हजार. म्हणजे उरलेली जागा एकास तीन या प्रमाणात. रूटला आणखी ६ हजार, होमला १८ हजार. शेवटी रूट ११ हजार, होम १९ हजार. डिस्क मोठी असती तर रूट २० हजारांवर थांबलं असतं आणि बाकी सगळं होमकडे गेलं असतं. एकच फाइल लहान डिस्कलाही चालते, मोठीलाही. फार सुंदर रचना आहे ही, आणि तिचं पुरेसं कौतुक होत नाही.

याच फाइलमध्ये आकड्याऐवजी टक्केही लिहिता येतात. ते टक्के डिस्कचे नव्हेत, रॅमचे! डेबियनच्या नमुना फाइलमध्ये स्वॅपची कमाल आहे ३०० टक्के. ६४ जीबी रॅमच्या मशीनवर त्याचे १९२ जीबी होतील. म्हणून 'कॅप-रॅम' नावाचं उत्तर आलं. त्याचं मूळ मूल्य १०२४ एमबी. हिशेबापुरती रॅम त्याहून जास्त धरायचीच नाही. अनेक डेबियन मशीनवर स्वॅप जेमतेम १ जीबीचा का दिसतो, त्याचं कारण हे. हायबरनेशन हवं असेल तर हा आकडा आधी वाढवा.

ओपनबीएसडीचा नमुना त्यामानानं अगदी सुटसुटीत. एका ओळीत नाव, किमान ते कमाल आकार आणि डिस्कचे टक्के. बस.

एवढी जागा गेली कुठं?

१ टीबीची डिस्क, त्यावर उबुंटू सर्व्हर, आणि रूट दिसतंय १०० जीबीचं. घाबरू नका. उबुंटूची स्वयंचलित एलव्हीएम मांडणी मुद्दाम हात राखून वागते. २० ते २०० जीबीच्या डिस्कवर निम्मी जागा देते, त्याहून मोठ्या डिस्कवर १०० जीबी. बाकीची पुढं लागेल तशी वाढवायला मोकळी. सगळीच हवी असेल तर फाइलमध्ये आकाराचं धोरण 'ऑल' असं लिहायचं.

ईएक्सटी४ फाइलसिस्टिमही ५ टक्के जागा रूट युजरसाठी राखून ठेवते. ४ टीबीच्या डेटा डिस्कवर हे होतात २०० जीबी! यंत्रणेच्या डिस्कवर ही राखीव जागा हवीच, कारण डिस्क भरली तरी रूटला आत येऊन सफाई करता येते. नुसता डेटा ठेवायच्या डिस्कवर ती खुशाल कमी करा.

आणि पहिलं पार्टिशन आज २०४८ व्या सेक्टरपासून का सुरू होतं? पूर्वी ६३ पासून व्हायचं, जुन्या बायोसच्या एका ट्रॅकमध्ये ६३ सेक्टर धरले जायचे म्हणून. नव्या डिस्कवर आतले सेक्टर ४०९६ बाइटचे झाले, म्हणजे जुन्या आठांचा एक. ६३ ला ८ नं भाग जात नाही, त्यामुळे एका लिखाणासाठी दोन सेक्टर ढवळावे लागत. २०४८ म्हणजे बरोबर १ एमबी. त्याला ८ नं पूर्ण भाग जातो.

स्वॅपच नको!

कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीस आलं आणि वारं फिरलं. स्वॅप चालू दिसला तर प्रत्येक मशीनवर चालणारा त्याचा क्युबलेट हा प्रोग्राम सुरूच व्हायला तयार नसे. मग किकस्टार्टच्या स्वयंचलित वाटणीत 'नोस्वॅप' लिहायची पद्धत पडली. उबुंटूनं १७.०४ पासून साध्या मांडणीत स्वॅपचं पार्टिशन सोडून स्वॅप फाइल घेतली. फेडोरानं २०२० साली ३३ व्या आवृत्तीत झेडरॅम आणलं. म्हणजे स्वॅप डिस्कवर नाहीच. रॅममधल्याच एका भागात पानं दाबून, लहान करून ठेवायची. त्याच वर्षी लिनक्स ५.८ मध्ये स्वॅपिनेसची, म्हणजे कर्नलनं स्वॅपकडे किती झुकायचं त्या आकड्याची, कमाल १०० वरून २०० झाली, कारण असा स्वॅप डिस्कवरून फाइल वाचण्यापेक्षाही वेगवान असू शकतो.

तरीही मी स्वॅपच्या बाजूनं आहे. थोडा का होईना, ठेवावा. दिवसेंदिवस कुणी न विचारलेली पानं त्यात गेली तर रॅम खऱ्या कामाला मोकळी होते. बीएसडीत तर त्याचं आणखी एक काम आहे: कर्नल कोसळला की मेमरीतला मजकूर स्वॅपच्या पार्टिशनमध्ये उतरवला जातो. मशीन पुन्हा सुरू झालं की तो तिथून उचलून फाइलमध्ये ठेवला जातो आणि मग कारण शोधता येतं. पासवर्ड असलेलं पान स्वॅपमध्ये गेलं तर काय, ही शंका रास्त आहे. नील्स प्रोव्होस यांनी २००० साली यावर शोधनिबंध लिहिला, आणि ओपनबीएसडी आता स्वॅप आपणहून एन्क्रिप्ट करतं.

मराठीतही होतं हे!

डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो. साध्या टेक्स्ट पडद्यावर देवनागरी उमटत नाही, म्हणून त्याला ग्राफिकल इन्स्टॉलर लागतो. रेड हॅट आणि फेडोराच्या ॲनाकोंडा इन्स्टॉलरमध्येही मराठी निवडता येतं, आणि किकस्टार्टमध्ये त्यासाठी एक ओळ पुरते.

उत्तरपत्रिका मशीनच लिहून देतं

पहिली फाइल कोऱ्या पानावरून लिहायची गरज नाही. एक मशीन हातानं नीट इन्स्टॉल करा. ॲनाकोंडा तुम्ही दिलेली सगळी उत्तरं किकस्टार्टच्या भाषेत लिहून रूटच्या घरात ठेवून देतो. भाषा, टाइमझोन, पॅकेजेस, सगळं तयार. ती उचला, थोडी बदला, दुसऱ्या मशीनला द्या. रेड हॅटच्या ५ आणि ६ व्या आवृत्तीत मात्र त्या फाइलमध्ये एक गोष्ट मुद्दाम अर्धवट सोडलेली असायची. वाटणीच्या प्रत्येक ओळीपुढे हॅशचं चिन्ह, म्हणजे ती ओळ बंद. आणि वर सूचना: तुम्ही जी पार्टिशनं पुसलीत ती इथं लिहिलेली नाहीत, तेव्हा आधी सगळी साफ केल्याशिवाय हे चालेलच असं नाही. तो हॅश माणसानं आपल्या हातानं काढायचा, आधी एखाद्या व्हर्च्युअल मशीनवर चालवून बघायचं, आणि मगच रॅककडे वळायचं.